शेजारच्या इमारतीने तुमचं ऊन अडवायचं का? हा प्रश्न कायद्यात आणणारे एडवर्ड बॅसेट

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर १२० नंबरच्या पत्त्यावर १९१५ साली एक इमारत बांधून पूर्ण झाली. तिचं नाव इक्विटेबल बिल्डिंग. प्लॉट एक एकरापेक्षाही थोडा लहान, म्हणजे आपल्या हिशेबाने ४० गुंठ्यांच्या आतला. पण मालकांनी फुटपाथच्या कडेपासून भिंती सरळ वर उचलल्या, त्या ५०० फुटांच्या पुढे नेऊनच थांबवल्या. ३८ मजले आणि सुमारे १२ लाख चौरस फूट जागा.

या इमारतीची सावली सात एकरांवर पडायची असं सांगितलं जातं. सात एकर म्हणजे २८० गुंठे. आजूबाजूच्या ऑफिसांमध्ये भरदिवसा दिवे लावायची वेळ आली. भाडेकरू निघून जातील म्हणून शेजारचे मालक धास्तावले आणि आमच्या मालमत्तेची किंमत घसरली, तेव्हा कर कमी करा, अशी मागणी घेऊन महापालिकेकडे गेले.

यात बेकायदा काय होतं? काहीच नाही. जागा ज्याची, त्याने हवं तेवढं बांधावं, असाच तेव्हाचा रिवाज होता.

पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९१६ रोजी, हा रिवाज न्यूयॉर्कपुरता संपला. कोणत्या भागात काय बांधायचं, किती उंच बांधायचं आणि प्लॉटचा किती भाग मोकळा सोडायचा, हे अख्ख्या शहरासाठी एकत्र ठरवणारा अमेरिकेतला पहिला कायदा मंजूर झाला. यालाच झोनिंग म्हणतात. त्यामागे सर्वांत जास्त डोकं चाललं ते ब्रुकलिनच्या एका वकिलाचं. त्यांचं नाव एडवर्ड मरे बॅसेट. अमेरिकेत त्यांना झोनिंगचे जनक मानतात.

आधी शिक्षण, मग वकिली, मग संसद

बॅसेट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६३ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. तेव्हा ब्रुकलिन हे न्यूयॉर्कपासून वेगळं शहर होतं. दोन्ही शहरं एक झाली ती १८९८ मध्ये. म्हणजे बॅसेट यांच्या डोळ्यांसमोर दोन शहरांचं एक अवाढव्य महानगर झालं.

१८८४ मध्ये ते अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमधून पदवीधर झाले आणि १८८६ मध्ये त्यांनी कोलंबियातून कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं. सुरुवातीची काही वर्षं बफेलो शहरात वकिली केल्यावर १८९२ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले.

हा काळ बांधकामाच्या दृष्टीने उलथापालथीचा होता. पूर्वी इमारत उंच करायची तर खालच्या भिंती जाडजूड कराव्या लागत आणि पाच-सहा जिने चढून जायला भाडेकरू तयार नसत. पोलादी सांगाडा आणि लिफ्ट या दोन गोष्टी आल्या आणि उंचीवरची ही नैसर्गिक मर्यादाच निघून गेली. जमीन महाग होती, आकाश मात्र फुकट होतं.

१९०३ ते १९०५ या काळात बॅसेट डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार होते. एकच टर्म करून ते दिल्लीसारख्या सत्तेच्या गावात, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये, रमले नाहीत. परत ब्रुकलिनला आले. त्यांच्या आयुष्याला खरं वळण मिळालं ते यानंतर.

रेल्वेने शिकवलेला धडा

१९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक सेवा आयोगावर बॅसेट यांची नेमणूक झाली. सबवे म्हणजे भुयारी रेल्वे कुठून कुठे न्यायची, हे ठरवण्यात या आयोगाचा मोठा वाटा होता. १९११ पर्यंत ते या पदावर होते.

मॅनहॅटनच्या काही चाळवजा वस्त्यांमध्ये तेव्हा माणसं अक्षरशः कोंबलेली होती. अनेक खोल्यांना खिडकीच नसे. क्षयरोग पाचवीला पुजलेला. स्वस्त तिकिटाची रेल्वे बाहेरच्या भागात नेली की लोक मोकळ्या हवेत राहायला जातील, अशी बॅसेट यांच्यासारख्या सुधारकांची अपेक्षा होती.

पण नुसती रेल्वे नेऊन भागत नाही, हेही याच काळात दिसू लागलं. स्टेशन झालं की भोवतालच्या जमिनीचे भाव चढतात. भाव चढले की मालक तिथेही दाटीवाटीने बांधतात. म्हणजे गर्दी विरळ करायला रेल्वे न्यायची आणि रेल्वेमागोमाग तीच गर्दी नव्या जागी उभी राहायची. मेट्रो आली की दर कसे वाढतात, हे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

याच सुमारास बॅसेट यांनी जर्मनीतल्या शहरांचं नियोजन पाहिलं. फ्रँकफर्टसारख्या शहरांनी १८९० च्या दशकातच वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे बांधकाम नियम केले होते. मध्यवस्तीत उंच आणि दाट, बाहेर ठेंगणं आणि विरळ. शहराच्या नियोजनाने बॅसेट झपाटले ते कायमचे.

मोबदला द्यायचा की नाही?

१९१३ मध्ये न्यूयॉर्कने इमारतींच्या उंचीचा अभ्यास करायला एक आयोग नेमला आणि बॅसेट यांना अध्यक्ष केलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इक्विटेबल बिल्डिंगमुळे हा कायदा आला असं सरसकट सांगितलं जातं, पण आयोग नेमला गेला तेव्हा ती बांधून व्हायची होती. प्रश्न आधीच पेटलेला होता, इक्विटेबलने त्यात तेल ओतलं.

आयोगापुढचा सर्वांत अवघड प्रश्न कायद्याचा होता. एखाद्याला त्याच्या स्वतःच्या जमिनीवर ३० मजले बांधता येत असतील आणि सरकारने त्याला दहावरच अडवलं, तर त्याचं नुकसान कोणी भरायचं?

रस्त्यासाठी जमीन घेतली तर सरकार मोबदला देतं. भूसंपादनाचं हे तत्त्व आपल्याकडेही आहे. तोच न्याय उंचीला लावला असता तर न्यूयॉर्कला हजारो मालकांना पैसे मोजावे लागले असते. बॉस्टनमध्ये असा प्रयोग झाला होता. १८९८ मध्ये तिथल्या कॉप्ली चौकाभोवती ९० फुटांची मर्यादा घालण्यात आली आणि नुकसान झालेल्यांना मोबदल्याची तरतूदही केली गेली. एका चौकाचं ठीक होतं. अख्खं शहर असं विकत कसं घेणार?

बॅसेट यांनी दुसरा रस्ता धरला. लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता राखण्यासाठी नागरिकांवर बंधनं घालण्याचा अधिकार राज्याला असतोच. दाट वस्तीत स्फोटकं साठवू नका, असं सांगताना सरकार मोबदला देत नाही. उंचीची मर्यादा याच अधिकारात बसवायची, असं त्यांनी ठरवलं. बॉस्टनने पुढे शहराचे भाग पाडून उंचीच्या वेगवेगळ्या मर्यादा घातल्या होत्या आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९ मध्ये त्या वैध ठरवल्या होत्या. हा आधार मोलाचा होता.

मात्र या मार्गावर चालायचं तर तीन पथ्यं पाळावी लागणार होती.

पहिलं पथ्य, नियमाचं कारण ठोस हवं. शहर सुंदर दिसावं, एवढं कारण तेव्हाच्या न्यायालयांत टिकलं नसतं. म्हणून उजेड, हवा, आगीचा धोका, रस्त्यावरची गर्दी यांवर माहिती आणि साक्षी गोळा करण्यात आल्या.

दुसरं, एका प्रकारच्या भागात सगळ्यांना नियम सारखाच हवा. एका मालकाला वेठीला धरून शेजाऱ्याला मोकळं सोडलं तर न्यायालय तो नियम रद्द करणार.

तिसरं, शहराला हा अधिकार राज्याच्या विधिमंडळाने दिलेला हवा. १९१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तसा कायदा केला. मग नेमलेल्या दुसऱ्या आयोगाचे अध्यक्षही बॅसेटच होते. या आयोगाने शहरभराचे नकाशे केले, सुनावण्या घेतल्या आणि जून १९१६ मध्ये अंतिम अहवाल दिला.

नियम नेमका काय होता?

शहराचे वापरानुसार तीन प्रकारचे भाग केले: निवासी, व्यापारी आणि निर्बंध नसलेले. त्यावर उंचीच्या भागांचा वेगळा नकाशा आणि मोकळ्या जागेच्या भागांचा आणखी वेगळा.

उंचीचा नियम रस्त्याच्या रुंदीला बांधला होता. कुठे रुंदीएवढी उंची, कुठे सव्वापट, दीडपट, दुप्पट आणि जास्तीत जास्त अडीचपट. पण तेवढ्यावर इमारत थांबत नव्हती. त्याच्या वर जायचं असेल तर भिंत रस्त्यापासून मागे घ्यायची. जितकी मागे घ्याल, त्या प्रमाणात वर जाता येईल.

उदाहरण घेऊ. रस्ता ६० फुटी आहे आणि भाग दीडपटीचा आहे. तर रस्त्यालगतची भिंत ९० फुटांपर्यंत सरळ नेता येईल. त्यानंतर प्रत्येक एक फूट मागे सरकल्यावर तीन फूट वर जाता येईल. दहा फूट मागे गेलात तर इमारत १२० फुटांची होईल.

हे आकडे हवेतून आले नव्हते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून भिंतीच्या वरच्या कडेला टेकणारी एक तिरकी रेघ आकाशात ओढा. इमारतीने या रेघेच्या आतच राहायचं. म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला आकाशाचा ठरावीक तुकडा दिसणार आणि तेवढा उजेड खाली येणार.

यात एक मोठी सूटही होती. प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर मनोरा कितीही उंच नेता येत असे. बारीक मनोऱ्याची सावली सरकती असते, ती एकाच जागी दिवसभर ठाण मांडत नाही. शिवाय या सुटीमुळे गगनचुंबी इमारतींवर बंदी आली, अशी ओरड करायला मालकांना जागा राहिली नाही.

न्यूयॉर्कच्या जुन्या फोटोंमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत गेलेल्या इमारती दिसतात. केकच्या थरांसारखा हा आकार आर्किटेक्टच्या आवडीतून आलेला नाही, तो या नियमातून आला. १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंगही याच नियमात बांधली गेली. खाली प्लॉट व्यापणारा पाच मजल्यांचा पाया आणि मागे सरकून वर गेलेला मनोरा.

आधीच उभ्या असलेल्या इमारतींना नियमाने हात लावला नाही. जे बांधून झालं ते झालं, असा व्यवहारी पवित्रा होता. त्यामुळे इक्विटेबल बिल्डिंग आजही उभी आहे.

पाठिंबा कोणाचा होता?

इथे ही गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. कायद्याला जोरदार पाठिंबा देणाऱ्यांमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे बडे दुकानदार होते. त्यांची चिंता उजेडाची कमी आणि गिऱ्हाइकाची जास्त होती. कपड्यांचे कारखाने त्यांच्या रस्त्याकडे सरकत होते. या कारखान्यांत काम करणारे बहुतांश स्थलांतरित, त्यांत ज्यू कामगार मोठ्या संख्येने. जेवणाच्या सुटीत ते फुटपाथवर येत आणि श्रीमंत गिऱ्हाईक बिचकतं, अशी दुकानदारांची तक्रार होती. १९१६ मध्ये त्यांनी कारखाने दूर ठेवण्यासाठी वर्तमानपत्रांतून मोहीमच चालवली.

म्हणजे सर्वांच्या उजेडासाठीचा नियम आणि नकोशा माणसांना लांब ठेवण्याचा नियम, दोन्ही एकाच कायद्यात जन्माला आले. बॅसेट यांना कायदा मंजूर करून घ्यायचा होता आणि मालमत्ताधारकांच्या पाठिंब्याशिवाय ते शक्य नव्हतं. मालमत्तेची किंमत स्थिर राहील, हा मुद्दा त्यांच्या बाजूने पुढेही कायम मांडला गेला.

न्यूयॉर्कमधून देशभर

कायदा होणं एक आणि टिकणं दुसरं. बॅसेट यांनी पुढची अनेक वर्षं तो न्यायालयांत टिकवण्यासाठी घातली. १९२० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. इतर शहरांना आणि राज्यांना असे कायदे कसे करायचे, हे सांगत ते देशभर फिरले.

नियमाचा काच एखाद्यालाच फार बसला तर दाद कुठे मागायची? यासाठी न्यूयॉर्कमध्ये एक अपील मंडळ ठेवलं होतं. वेड्यावाकड्या आकाराचा प्लॉट असेल, नियम पाळणं खरंच अशक्य असेल, तर मंडळ तपासून सूट देणार. बॅसेट या मंडळाला फार महत्त्व देत. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं त्याचं काम होतं. थोडी वाफ सोडायची, म्हणजे कायदा फुटत नाही.

१९२० च्या दशकात वाणिज्य मंत्री हर्बर्ट हूवर यांनी राज्यांसाठी झोनिंगचा एक नमुना कायदा तयार करायला समिती नेमली. बॅसेट तिचे सदस्य होते. या नमुन्यावरून राज्यांनी भराभर कायदे केले. १९२६ मध्ये ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताने झोनिंग घटनेत बसतं, असा निकाल दिला.

पण याच निकालाने स्वतंत्र बंगल्यांच्या भागातून फ्लॅटच्या इमारती बाहेर ठेवायलाही मान्यता मिळाली. वंशाच्या आधारावर भाग पाडणारे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच रद्द केले होते. मग अनेक उपनगरांनी तेच काम आडवाटेने केलं. प्लॉट मोठाच हवा, घर एकाच कुटुंबाचं हवं, असे नियम घातले की गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबं आपोआप बाहेर राहत. उजेडासाठी बनवलेलं हत्यार कुंपण घालायलाही तितकंच उपयोगी पडलं. अमेरिकेत घरं इतकी महाग का झाली, या आजच्या वादात झोनिंगचं नाव येतं ते यामुळे.

बॅसेट यांनी १९३६ मध्ये झोनिंगवर पुस्तक लिहिलं आणि १९३९ मध्ये आत्मचरित्र. ज्या मोठ्या रस्त्याला बाजूच्या प्लॉटमधून थेट वाट मिळत नाही, त्याला फ्रीवे हे नाव १९३० मध्ये त्यांनीच दिलं. २७ ऑक्टोबर १९४८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आकडा चुकला, तत्त्व उरलं

१९१६ च्या नियमात एक मोठी त्रुटी होती. त्याने इमारतीचा आकार बांधला, पण एकूण किती बांधायचं हे नीट बांधलं नाही. नियमाप्रमाणे सगळं शहर भरलं असतं तर न्यूयॉर्कमध्ये साडेपाच कोटी लोक मावले असते, असा हिशेब पुढे निघाला. तेव्हा शहराची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास होती.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कने नवा नियम आणला. त्यात प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करायचं, याचं प्रमाण ठरवलं. आपण त्यालाच एफएसआय म्हणतो. सर्वांत दाट व्यापारी भागात ते १५ ठेवलं. इक्विटेबल बिल्डिंगचं प्रमाण याच हिशेबाने सुमारे ३० भरतं.

मुंबईत एफएसआय आला तो १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर. पण उजेडाचा हिशेब मुंबईने त्याआधीच मांडला होता. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. समोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या साधारण दुप्पट उंची, एवढा त्याचा सोपा अर्थ. बॅसेट यांची तिरकी रेघ आणि मुंबईची ही रेघ एकाच काळजीतून आल्या होत्या.

१९९१ च्या नियमांत मुंबई शहराला १.३३ आणि उपनगरांना १ एवढा एफएसआय ठरला. त्याच नियमांनी टीडीआरची वाट खुली केली. २०१२ पासून प्रीमियम भरून ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय घेण्याची सोय निवासी इमारतींना झाली. आता किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं, म्हणजे बॅसेट यांच्या काळातला धागा इथेही आहेच.

शहराला घरं हवीत, त्यासाठी उंच बांधावंच लागेल. १९१६ च्या कायद्यानेही उंच मनोऱ्यांना वाट ठेवलीच होती. त्यांच्या कायद्याचं बळ मात्र दोन गोष्टींत होतं. बंधनाचं कारण लोकांच्या आरोग्याशी जोडलेलं होतं आणि सूट हवी असेल तर मंडळापुढे अडचण सिद्ध करावी लागत होती. सूट पैसे भरून मिळू लागली की प्रश्न बदलतो. जास्तीच्या मजल्यांचे पैसे सरकार आणि बिल्डर यांच्यात फिरतात. ऊन ज्याचं गेलं, तो शेजारी या व्यवहारात कुठेच नसतो.

म्हणून तुमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची बैठक असेल, तर कार्पेट एरिया किती वाढणार याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. दोन इमारतींमध्ये मोकळं अंतर किती राहणार आणि खालच्या मजल्यांवर ऊन किती वेळ येणार. प्लॅनमध्ये या गोष्टी दिसतात, फक्त कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.